परांची आणि पाठीचा कणा

सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची हा काही रंजक ग्रंथ नव्हे; तरीही बांधकामाचे अर्थकारण ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ती एकदा चाळून पाहावी. भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याच्या बाबीचे सविस्तर वर्णन तीत असते आणि त्याच्या शेवटी ‘परांची व पाणी मारण्यासह’ अशा अर्थाचे शब्द असतात. गिलावा चौरस मीटरने मोजला जातो आणि त्याला दर मिळतो. परांची मात्र त्याच दराच्या पोटात जिरून जाते. पुढे इमारतीला रंग लागला की परांची उतरवतात आणि तिची खूण इमारतीवर कोठेही उरत नाही. ती उरते बांधणाऱ्याच्या खांद्यात, गुडघ्यांत आणि कमरेत. पण अंदाजपत्रकात शरीराच्या घसाऱ्याचा रकाना नसतो.

परांचीवरून मजूर पडला की बातमी होते, चौकशी होते, क्वचित नुकसानभरपाईही मिळते. पडणे ही एका क्षणाची घटना असल्याने तिला तारीख असते, साक्षीदार असतात. झिजण्याचे तसे नाही. वीस वर्षे परांच्या बांधून ज्याला सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, त्याचा अपघात नेमका कोणत्या दिवशी झाला हे सांगता येत नाही. म्हणून तो झालाच नाही, असे धरून चालण्याची आपली रीत आहे.

मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी बांबूची परांची बांधली जात असताना क्षणभर थांबून पाहावे. कारागीर आडव्या बांबूवर उभा असतो. एक पाय उभ्या बांबूभोवती अडकवलेला असतो, कारण दोन्ही हात काथ्याची गाठ आवळण्यासाठी मोकळे हवे असतात. मान वर ताणलेली, हात खांद्यापेक्षा उंच. खालचा सोबती बांबू वर सरकवतो. तो एका हाताने झेलायचा, तोलायचा आणि तसाच वर द्यायचा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला यात कसरत दिसते आणि कौतुक वाटते. शरीरशास्त्राला मात्र वेगळेच दिसते. आकुंचित अवस्थेत अडकून राहिलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा घटतो आणि तो हालचाल करणाऱ्या स्नायूपेक्षा फार लवकर थकतो. परांचीवाल्याच्या पायाचे, मानेचे व खांद्याचे स्नायू दिवसाचे कित्येक तास असेच जखडलेले असतात.

बांबूच्या जागी पोलादी नळी आली की सुरक्षितता वाढते, हे खरे. पण ओझेही वाढते. परांचीची सर्वसाधारण नळी ४८.३ मिलिमीटर व्यासाची असते. ३.२ मिलिमीटर जाडीची सहा मीटर नळी सुमारे २१ किलो भरते आणि ४ मिलिमीटर जाडीची २६ किलो. हा आकडा फारसा भयावह वाटत नाही. परंतु शाळेत शिकवला जाणारा तरफेचा नियम येथे लावून पाहावा. पाठीचे स्नायू कण्याच्या टेकूपासून अवघ्या पाच सेंटिमीटरवरून ओढ घेतात, असे ढोबळमानाने मानतात. २१ किलोची नळी कण्यापासून अर्धा मीटर पुढे धरली, तर तिला तोलण्यासाठी त्या स्नायूंना दहापट, म्हणजे दोनशे किलोंहून अधिक जोर लावावा लागतो. धडाचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. शिवाय ही नळी जमिनीवर उभे राहून उचललेली नसते. अरुंद फळीवर, कंबर वळवून, वाऱ्याशी झगडत ती वर न्यावयाची असते.

काम माणसाच्या शरीराला जुळवून घ्यावे, शरीर कामाला नव्हे, असे सांगणारे अर्गोनॉमिक्स हे शास्त्र आता नवे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये त्याची संशोधन संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली; आपल्याकडेही शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत या विषयाचा अभ्यास होत आला आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले सूत्र असे सांगते की, ओझे अंगालगत, कमरेच्या उंचीवर, शरीराला पीळ न देता आणि अधूनमधूनच उचलायचे असेल तरी त्याची मर्यादा २३ किलो असावी. यांपैकी एकेक अनुकूलता कमी होईल तसतशी ती मर्यादाही खाली आणावी. आपल्याकडील बांधकाम कामगारांविषयीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो अशी मर्यादा घातलेली होती. आपली सिमेंटची गोणी ५० किलोंची. म्हणजे पुरुषाने ती डोक्यावर घेऊन चार जिने चढणे नियमात बसत होते. वजन किती हे नियमाने विचारले. ते किती उंच, किती वेळा आणि कोणत्या अवस्थेत उचलायचे, हे विचारले नाही.

यावर कंत्राटदाराचे एक उत्तर ठरलेले असते: कप्पी ठेवली तरी ही माणसे ती वापरत नाहीत, एकाऐवजी दोन नळ्या खांद्यावर घेतात. हे पुष्कळदा खरेही असते. परंतु ज्याला मजुरी चौरस फुटावर मिळते, त्याने कप्पी लावण्यात अर्धा तास घालवला तर तो अर्धा तास त्याच्याच मजुरीतून जातो. आजच्या भाकरीसाठी उद्याचे शरीर विकणे, यात अविचार नाही; त्याच्यापुढे ठेवलेल्या दरांत तोच हिशेब बसतो. बचत होते ती मालकाची व कंत्राटदाराची, आणि तिची किंमत वीस वर्षांनी गावाकडच्या घरात, बहुधा त्याच्या बायकोच्या मजुरीतून, चुकती केली जाते.

कायद्यानेही या झिजेकडे पाठ फिरवली आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने उपकरातून कल्याण निधी उभारला, हे फार मोठे पाऊल होते. परंतु वर्षात ९० दिवस काम न केल्यास कामगाराचे लाभार्थीपण संपते, अशी अट त्यात होती. कामावर झालेल्या अपघातामुळे गैरहजर राहिल्यास ते दिवस या हिशेबातून वगळण्याची सवलत होती. कंबर मोडल्यामुळे घरी बसलेल्यासाठी ती नव्हती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही अट व सवलत जवळजवळ त्याच शब्दांत उचलली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता लागू झाली. म्हणजे पडलेल्याचे नाव यादीत राहते आणि झिजलेल्याचे गळते. वास्तविक, ज्याला निधीची सर्वांत अधिक गरज, तोच पंचेचाळिशीत त्याच्या बाहेर फेकला जातो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. सहाऐवजी तीन मीटरची नळी वापरली तर एका खेपेचे ओझे अकरा किलोंच्या आत येते. जोड वाढतात, वेळ वाढतो, एवढेच. ब्रिटनमध्ये सिमेंटची २५ किलोंची पिशवी रूढ झाली आहे. तेथील इमारती त्यामुळे बुटक्या राहिल्या नाहीत. पण तो वाढलेला वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर दरसूचीतच द्यावे लागेल. परांची बांधणे, कप्पीने सामान चढवणे आणि परांची उतरवणे या कामांची स्वतंत्र बाब करून तिला स्वतंत्र दर दिला, तर कंत्राटदाराला तो वेळ कामगाराच्या अंगातून काढावा लागणार नाही. त्यासाठी संसदेपर्यंत जाण्याचे कारण नाही. दरसूची राज्याचे बांधकाम खातेच तयार करते आणि वेळोवेळी सुधारते.