‘नकटे’ रिव्हॉल्व्हर कशास म्हणावे?

शस्त्रांचा इतिहास, न्यायसहायक विज्ञान आणि गुन्हेविषयक कथावाङ्मय या तिन्ही क्षेत्रांत ‘स्नब-नोज रिव्हॉल्व्हर’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. मराठीत त्यासाठी ‘आखूड नळीचे’, ‘बसक्या नाकाचे’ किंवा ‘नकटे’ अशी विशेषणे योजता येतात. शब्द परिचयाचा झाला म्हणजे त्याचा अर्थही निश्चित झाला, असा समज सहज होतो. तथापि ही मुळात बोलण्यातील उपाधी आहे. तिची मर्यादा सर्वमान्य रीतीने कोणी आखून दिलेली नाही. ही उपाधी कोणत्या शस्त्रास लावावी, कोणत्यास लावू नये, आणि असा भेद करण्याची आवश्यकता का पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार म्हणजे केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. पंचनाम्यात, तज्ज्ञाच्या अहवालात किंवा संग्रहालयाच्या सूचीत शस्त्राचे वर्णन ढिले राहिले, तर त्यावरून पुढील वाचक नसते अनुमान काढतो. आणि न्यायालयात अशा अनुमानावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते.

१. पहिली अट : रचना

विचाराधीन शस्त्र प्रथम रिव्हॉल्व्हर असले पाहिजे. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी सामान्यतः एकच असून ती स्थिर असते. तिच्या मागे काडतुसांची घरे असलेले चक्र फिरते व प्रत्येक वेळी त्यातील एक घर नळीच्या रेषेत येते. ही अट क्षुल्लक वाटली तरी तिच्या योगाने अनेक लहान शस्त्रे आपोआप वगळली जातात. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या हत्येसाठी वापरले गेलेले डेरिंजर हे एकबारी पिस्तूल होते. ते खिशात मावत असे, पण त्यास चक्र नव्हते. रेमिंग्टन कंपनीचे १८६६ पासून निघालेले दुनळी डेरिंजरही याच कारणाने बाहेर पडते. ‘पेपरबॉक्स’ या जुन्या प्रकारात नळ्यांचा जुडगाच फिरतो. म्हणून तेही या वर्गात बसत नाही. आधुनिक स्वयंचलित पिस्तूल कितीही आखूड असले तरी त्यास ही उपाधी लावणे अयोग्य होय.

२. दुसरी अट : नळीची लांबी आणि ती मोजण्याची रीत

बहुतेक लेखक नळीची लांबी हेच गमक मानतात. तीन इंचांहून कमी नळी असलेले रिव्हॉल्व्हर ‘नकटे’ होय, याविषयी फारसा मतभेद नाही. दोन इंचांची नळी हा या वर्गाचा जणू नमुनाच मानला जातो. नेमकी तीन इंचांची नळी मात्र काही लेखक या वर्गात घेतात, तर काही घेत नाहीत.

परंतु ‘दोन इंच’ म्हणजे कोठून कोठपर्यंत, हा प्रश्न त्याआधीचा आहे. रिव्हॉल्व्हरची नळी चक्राच्या पुढील बाजूपासून तोंडापर्यंत मोजतात; काडतुसाचे घर चक्रात असल्यामुळे ते या मापात येत नाही. स्वयंचलित पिस्तुलात काडतुसाचे घर नळीचाच भाग असते आणि मापातही धरले जाते. ०.३८ स्पेशल जातीच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र सुमारे दीड इंच लांब असते. अर्थात दोन इंची रिव्हॉल्व्हरची तुलना पिस्तुलाशी करावयाची झाल्यास ती साडेतीन इंची नळीच्या पिस्तुलाशी केली पाहिजे. निरनिराळ्या शस्त्रांची मापे एका स्तंभात मांडणाऱ्या कोष्टकांत ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते.

३. प्रयोजन आणि इतिहास

नळी आखूड करण्याचा हेतू शस्त्र कपड्याआड दडवून वागविता यावे, हा होता. इंग्लंडमधील वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे पाच बारांचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची नळी अडीच इंचांची असून ते कोटाच्या खिशात मावे. बेल्जियम व अमेरिका येथे त्याच्या पुष्कळ नकला झाल्या. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो याने गोळ्या झाडल्या त्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरने. गारफील्ड त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी मरण पावले.

अमेरिकेत कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरच्या प्रचलित नळ्या साडेसात, साडेपाच व पावणेपाच इंचांच्या असत. त्याचेच एक आखूड रूप पुढे निघाले. त्यात रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारा दांडा मुळी ठेवलाच नव्हता. विसाव्या शतकात, १९२० नंतरच्या दशकात, याच कंपनीतील जॉन हेन्री फिट्झजेराल्ड याने पूर्ण आकाराच्या रिव्हॉल्व्हरांच्या नळ्या दोन इंचांपर्यंत आखूड करून, घोड्याचे टोक काढून व चापाभोवतालच्या कड्याचा पुढील भाग कापून खास शस्त्रे तयार केली. १९२७ मध्ये कोल्टने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणले : नळी दोन इंच, बार सहा, काडतूस ०.३८ स्पेशल. साध्या वेषात वावरणाऱ्या पोलिसांची गरज त्याच्या नावातच व्यक्त झाली आहे. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘चीफ्स स्पेशल’ काढले. चक्राची जाडी कमी व्हावी म्हणून त्यात पाचच बार ठेवले होते. १९५२ च्या ‘सेंटेनिअल’मध्ये घोडा खिशाच्या कापडात अडकू नये म्हणून तो सांगाड्याच्या आत झाकून घेतला. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास येथे जॅक रूबी याने ली हार्वे ऑस्वाल्ड याच्यावर झाडलेले रिव्हॉल्व्हर ‘कोल्ट कोब्रा’ होते. डिटेक्टिव्ह स्पेशलचीच ती हलक्या धातूच्या सांगाड्याची आवृत्ती होय.

या सोयीचे मोल नेमबाजीत द्यावे लागते. पुढील माशी व मागील खाच यांतील अंतर घटल्यामुळे नेमातील लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी होते. दारू पूर्ण जळण्यापूर्वीच गोळी नळीबाहेर पडत असल्यामुळे तिचा वेग कमी होतो व तोंडाशी ज्वाला अधिक दिसते. काडतुसे ढकलणारा दांडाही आखूड असल्यामुळे रिकामी टरफले कधी कधी पूर्ण बाहेर येत नाहीत.

४. सीमेवरील उदाहरणे

केवळ मोजपट्टीवर विसंबल्यास काय होते, हे तीन उदाहरणांवरून दिसेल. रूगर कंपनीच्या २००५ मधील ‘अलास्कन’ या रिव्हॉल्व्हरची नळी अडीच इंचांची आहे. पण अस्वलांच्या प्रदेशात वावरणाऱ्यांसाठी केलेले हे शस्त्र किलोग्रॅमहून अधिक वजनाचे असून ते खिशात घालता येत नाही. मापाने ते नकटे आहे, प्रयोजनाने नाही. उलट नॉर्थ अमेरिकन आर्म्सच्या ०.२२ जातीच्या अतिलहान रिव्हॉल्व्हरची नळी सव्वा इंचाहूनही कमी असते, तरी शस्त्राभ्यासक त्यास ‘मिनी रिव्हॉल्व्हर’ या निराळ्या वर्गात घालतात. कारण तेथे केवळ नळीच नव्हे, तर सर्व शस्त्रच लहान आहे. तिसरे उदाहरण आपल्याकडील आहे. कानपूर येथील सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे ०.३२ जातीचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा ते लांब पल्ल्याचे म्हणून गाजले. त्याची नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच आहे. जे माप एके ठिकाणी आखूडपणाची सीमा ठरते, तेच दुसऱ्या ठिकाणी दीर्घ पल्ल्याचे लक्षण म्हणून पुढे केले जाते.

यावरून आखूडपणा हा सापेक्ष गुण आहे, हे स्पष्ट होते. नळी सांगाड्याच्या व चक्राच्या मानाने आखूड असली पाहिजे.

५. कायद्याने आखलेली रेषा

कायद्यास सापेक्ष गुण चालत नाही. त्यास अंक हवा असतो. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर आयातीसाठी जे निकष ठरले, त्यांत रिव्हॉल्व्हरची नळी किमान तीन इंच असावी अशी अट आहे. देशात तयार होणाऱ्या शस्त्रांस ती लागू नाही. कॅनडाने १९९५ च्या कायद्यात १०५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी नळीच्या हातबंदुका सामान्यतः निषिद्ध वर्गात घातल्या. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. त्यामुळे ज्यास कोणीही नकटे म्हणणार नाही, असे साधे चार इंची पोलिसी रिव्हॉल्व्हरही निषिद्ध ठरले, आणि त्या बाजारासाठी कारखान्यांनी ४.२ इंचांच्या नळ्या काढल्या. पाच मिलिमीटरांनी शस्त्राचा स्वभाव बदलत नाही. मालकाची कायदेशीर स्थिती मात्र बदलते. म्हणून कायद्यातील अंक हा संज्ञेचा अर्थ समजू नये.

६. जन्मतः नकटे आणि कापलेले

येथे मराठी शब्दाकडे वळणे उपयुक्त होईल. ‘नकटा’ या शब्दाने बसक्या नाकाचा आणि नाक कापलेला, असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. बोलीत हे दोन अर्थ एकत्र नांदले तरी शस्त्राच्या बाबतीत ते वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या सहाव्या कलमान्वये परवान्यावाचून अग्निशस्त्राची नळी आखूड करता येत नाही. कारखान्यातून दोन इंची नळी घेऊन आलेले रिव्हॉल्व्हर या कलमाखाली येत नाही. चार इंची नळी कापून दोन इंचांची केलेले येते. दोघांचेही वर्णन ‘आखूड नळीचे’ एवढेच केल्यास गुन्हा आहे की नाही, हाच मुद्दा झाकला जातो. कापलेल्या नळीवर पुढील माशी नसते किंवा मागाहून बसविलेली असते, तोंडाची कड ओबडधोबड राहते आणि नळीवर कोरलेली अक्षरे मध्येच तुटलेली आढळतात. ही चिन्हे अहवालात स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजेत.

७. गोळीवरून काय कळते?

मृतदेहातून काढलेल्या गोळीवरून शस्त्र ‘नकटे’ होते असे सांगता येत नाही. गोळीवर नळीतील चऱ्यांचे ठसे उमटतात. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सामान्यतः सहा चऱ्या डावीकडे, तर स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच चऱ्या उजवीकडे वळलेल्या असतात. म्हणून निर्मात्याविषयी तर्क करता येतो. परंतु दोन इंची व सहा इंची नळीतील चऱ्यांची संख्या, दिशा व पीळ एकच असल्यामुळे लांबीचा पत्ता लागत नाही. उलटपक्षी, जखमेभोवतालच्या दारूच्या कणांवरून गोळी किती अंतरावरून झाडली हे ठरविताना नळीच्या लांबीस फार महत्त्व येते; कारण आखूड नळीतून न जळलेले कण अधिक प्रमाणात बाहेर पडतात. चाचणी दुसऱ्या लांबीच्या नळीतून घेतल्यास अंतराचा अंदाज चुकतो, आणि झटापटीत जवळून सुटलेली गोळी व दुरून नेम धरून झाडलेली गोळी यांतील भेदच पुसला जाण्याचा संभव असतो. यास्तव चाचणी त्याच शस्त्राने व त्याच जातीच्या काडतुसांनी घेतली पाहिजे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील व्याख्या सुचविता येते : ज्या रिव्हॉल्व्हरची नळी, चक्राच्या पुढील बाजूपासून तोंडापर्यंत मोजली असता, तीन इंचांहून कमी असून सांगाड्याच्या मानाने आखूड असते, आणि जे दडवून वागविण्याच्या हेतूने तसे केलेले असते, ते ‘नकटे’ रिव्हॉल्व्हर होय. तीन इंची शस्त्रांस सीमावर्ती म्हणावे. शास्त्रीय लेखनात ‘आखूड नळीचे’ हा शब्द योजून ‘नकटे’ हा शब्द ललित लेखनाकडे सोपवावा, हे अधिक इष्ट. कारण दुसऱ्यात कापल्याची छटा आहे आणि ती सिद्ध झाल्यावाचून वापरणे न्याय्य नाही. कोणताही शब्द योजला तरी त्यापूर्वी मिलिमीटरांतील माप, मोजण्याची रीत आणि नळी मूळची की कापलेली, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्या नोंदलेल्या असल्या म्हणजे नावाविषयी मतभेद राहिला तरी वस्तूविषयी राहणार नाही.