भरलेल्या मोटारीला अनुदान का नाही?

लेखमाला : जुन्याचे अर्थकारण

मागच्या आठवड्यात आपण दुरुस्ती आणि पुनर्निर्मिती यांतला फरक पाहिला. बिघडले तेवढे बदलले की दुरुस्ती. यंत्र पूर्ण खोलून, झिजलेले सगळे भाग बदलून, चाचणी घेऊन, नव्यासारखी हमी देऊन विकले की पुनर्निर्मिती. अशी वस्तू घेणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले सोनाळा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव, संत्र्याच्या बागा. ऐन उन्हाळ्यात पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती भरून आणतो. म्हणजे वाइंडिंगची तार नवी येते. कवच, शाफ्ट, स्टॅम्पिंग (आतला लोखंडी पत्र्यांचा गाभा) तेच राहते. ही पूर्ण पुनर्निर्मिती नव्हे, पण तेवढे लोखंड पुन्हा वितळवावे लागत नाही. हा पर्यावरणाचाच लाभ आहे, पण शेतकरी तो हिशेब करत नाही. त्याचा प्रश्न एकच: ही मोटार बाग वाचवेपर्यंत टिकेल का?

अनुदानाचे सगळे गणित या प्रश्नात आहे. ज्याला पर्यावरणाची कळकळ आहे तो पुनर्निर्मित वस्तू अनुदानाशिवायही घेईल. त्याला पैसे दिले तरी खरेदी बदलत नाही. पैसा पोहोचायला हवा तो भरवसा नसलेल्या ग्राहकापर्यंत. तिथेही विक्रेत्याने किंमत वाढवली, तर अनुदानाचा वाटा त्याच्याच खिशात जातो.

चीनने 2013 मध्ये यावर एक वाट काढली. जुने इंजिन किंवा गिअरबॉक्स परत करून पुनर्निर्मित घेणाऱ्याला किमतीच्या 10 टक्के सूट. इंजिनावर जास्तीत जास्त 2,000 युआन, गिअरबॉक्सवर 1,000. जुने परत देण्याची अट मला फार मोलाची वाटते. कारखान्याला कच्चा माल मिळतो आणि झिजलेले इंजिन दुसऱ्या कुणाच्या गाडीत धूर ओकत राहत नाही. मालमोटारींसाठी टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ही अशाच अदलाबदलीवर चालते, फक्त तिथे सरकारी अनुदान नाही.

आपल्याकडे 2014-15 पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात लहान, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 50 टक्क्यांपर्यंत, इतरांना 40 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, तेही मर्यादेत आणि नव्या यंत्रालाच. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, ते योग्यच झाले. पण नोंदणीकृत गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र 18 टक्के. नवे घेणाऱ्याला हात आणि जुने जपणाऱ्याला भार, हे मला पटत नाही.

जुन्याला अनुदान द्यायचे तर सरसकट नको. भरलेली मोटार किती वीज खाते याची चाचणी हवी, कारण वाइंडिंग जाळून काढताना स्टॅम्पिंग खराब झाले तर मोटार जास्त वीज ओढते. लेखी हमी हवी. आणि ही चाचणी तालुक्याच्या ठिकाणी व्हायला हवी. मोटार घेऊन बुलढाण्यापर्यंत जायला पाणी देण्याच्या दिवसांत वेळ कुणाकडे असतो?

चाचणी कशी घेतात, तिचा खर्च कुणी उचलायचा, हे पुढच्या भागात.