हिवाळ्यातली सकाळ आणि शाळेचे मैदान

थंडीच्या दिवसांत सकाळी शेकोटीचा धूर मुलांना दाखवा. तो थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. असे का व्हावे?

रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा गार व जड होते; वर मात्र तुलनेने उबदार हवा असते. त्यामुळे खालची हवा वर जाऊ शकत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे हे घडते. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात वाहनांचा धूर, जळता कचरा, धूळ सारे या झाकणाखाली कोंडते. ऊन चढले, जमीन तापली, की हवा घुसळली जाते आणि झाकण निघते.

यातले २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. साधा रुमाल त्यांना फारसा अडवत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. धावताना ती कित्येक पटींनी वाढते. म्हणजे पहाटेची हवा शुद्ध म्हणून आपण मुलांना सकाळी ७ वाजता पळवतो, तेव्हा दूषित हवाच त्यांना जास्त देत असतो.

म्हणून आम्ही सुचवतो : डिसेंबर-जानेवारीत कवायतीचा तास ऊन वर आल्यावर घ्यावा. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी बंद व दुपारी उघड्या ठेवाव्यात. पालापाचोळा न जाळता खड्ड्यात कुजवावा. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. रस्त्यावरचा धूर शाळेला एकटीने थांबवता येणार नाही. वेळापत्रक मात्र तिच्याच हाती आहे.