साल्व्हिया आणि पेनस्टेमॉन : काय खरं, काय ऐकीव

थंडीची चाहूल लागली की पुण्या-नाशिकच्या नर्सरींत लाल साल्व्हियाच्या रोपांचे ट्रे दिसू लागतात. पेनस्टेमॉन मात्र आपल्याकडे क्वचितच भेटतो. तो पाहायचा तर डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी घराच्या अंगणात, जूनमध्ये. ताठ दांड्यांवर निळ्या-जांभळ्या घंटांची रांग लागलेली असते. आपल्या बागेतले बहुतेक साल्व्हियाही मूळचे अमेरिका खंडांतलेच. दोघांची फुलं नळीसारखी, दोघांना ऊन हवं आणि दोघांची मरणंही बरीचशी सारखी. त्यामुळे बागेच्या गप्पांत ही नावं जोडीने येतात आणि गैरसमजही जोडीनेच पसरतात.

पहिला गैरसमज म्हणजे ही दोन भावंडं आहेत. तशी ती नाहीत. साल्व्हिया तुळशीच्या कुळातला. त्याची कोवळी दांडी दोन बोटांत धरून फिरवली तर चार कडा हाताला लागतात. पेनस्टेमॉन इसबगोल आणि डॉगफ्लॉवरच्या कुळातला. साल्व्हियाच्या सुमारे हजार जाती जगभर विखुरल्या आहेत. पेनस्टेमॉनच्या पावणेतीनशेच्या आसपास जाती अलास्कापासून ग्वाटेमालापर्यंत उगवतात, त्याबाहेर कुठेही नाहीत. फूल उघडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. पेनस्टेमॉनमध्ये चार पुंकेसर कामाचे असतात आणि पाचवा वांझ. बऱ्याच जातींत या पाचव्यावर दाढीसारखे केस असतात. साल्व्हियात कामाचे पुंकेसर दोनच, पण अनेक जातींत त्यांची रचना तरफेसारखी असते. मधमाशी आत डोकं खुपसते, तरफेचं एक टोक ढकललं जातं आणि दुसरं टोक खाली येऊन तिच्या पाठीवर परागकण टेकवतं. जर्मन निसर्गअभ्यासक श्प्रेंगेल यांनी 1793 साली आपल्या ग्रंथात या रचनेचं वर्णन केलं. काडीचं टोक अलगद आत सारलंत तर साल्व्हियाच्या निळ्या फुलात ही हालचाल तुम्हालाही दिसू शकेल.

आता मुख्य मुद्दा. ‘पानं मलूल झाली म्हणजे तहान लागली’ या समजुतीपायी जितके पेनस्टेमॉन मरतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने मरत असतील. त्याच्या बहुतांश जाती अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरउतारांवरच्या. मुरमाड जमीन, पाऊस बेताचा, पडलेलं पाणी लगेच निथळून जाणारं. अशा झाडाला चिकट मातीत रोज पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि पानं लोंबतात. मग आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पाण्याचा डबा उचलण्याआधी मातीत बोट घालून पाहा. खाली ओल असूनही झाड मलूल असेल, तर त्याला पाणी नव्हे, निचरा हवा आहे. जमीन भारी असेल तर वीतभर उंच वाफा करून त्यात जाड वाळू आणि बारीक खडी भरपूर मिसळावी. बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा लाकडाचे तुकडे पसरू नयेत, कारण ते ओल धरून ठेवतात. त्याऐवजी खडीचा थर द्यावा.

‘थंडीने गेलं’ हे निदानही अनेकदा चुकतं. रॉकी पर्वतातला पेनस्टेमॉन स्ट्रिक्टस उणे 30 अंशांच्या आसपासची थंडी सोसतो. त्याला मारते ती हिवाळ्यातली साचलेली ओल.

खताचंही तसंच. भरपूर शेणखत घालून वाढवलेला पेनस्टेमॉन पानांनी माजतो, दांड्या लांबतात, आडव्या पडतात आणि झाडाचं आयुष्य कमी होतं. मुळात पश्चिमेकडच्या कित्येक जाती तीन-चार वर्षंच जगतात. त्यात माळ्याची चूक काही नसते. काही दांड्यांवरचं बी पिकू द्यावं, म्हणजे खडीत नवी रोपं आपसूक उगवतात.

पण सगळेच पेनस्टेमॉन वाळवंटी नाहीत. पेनस्टेमॉन डिजिटॅलिस हा अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला. तो बऱ्यापैकी भारी माती आणि पाऊसही चालवून घेतो. त्याचा गडद लालसर पानांचा ‘हस्कर रेड’ हा वाण नेब्रास्का विद्यापीठात तयार झाला आणि 1996 मध्ये अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने त्याला वर्षाचं झाड म्हणून निवडलं. युरोपात संकरातून तयार झालेले मोठ्या फुलांचे पेनस्टेमॉन पाणी जरा जास्त मागतात आणि कडक थंडीत टिकत नाहीत. त्यामुळे नुसतं ‘पेनस्टेमॉन’ म्हणून रोप विकत घेऊ नये. जातीचं पूर्ण नाव विचारावं आणि ती मूळची कुठली तेही विचारावं. निम्मी निगा त्या उत्तरातच कळते.

‘बी उगवलं नाही म्हणजे जुनं होतं’ असंही ऐकू येतं. पश्चिमेकडच्या अनेक जातींच्या बियांना आधी गारवा आणि ओल दोन्ही लागतं. ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये आठ ते बारा आठवडे ठेवलं की त्या जाग्या होतात. पण ठेवायचं खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. साल्व्हियाला हा सोपस्कार लागत नाही. त्याचं बी मात्र खोल पुरू नये, वर मातीची चिमूट पुरते.

साल्व्हियाकडे वळलं की आपल्या ओळखीचे गैरसमज भेटतात. लाल साल्व्हिया हंगामी समजला जातो आणि मार्चमध्ये उपटून टाकला जातो. खरं तर तो ब्राझीलच्या डोंगराळ भागातला आणि स्वभावाने बहुवर्षायू. बहर संपल्यावर एक तृतीयांश छाटला, कुंडी सकाळच्या उन्हाच्या जागी हलवली आणि दुपारच्या झळा चुकवल्या, तर तो पुन्हा फुटतो. त्याचं फूल आठवडेच्या आठवडे टिकतं असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. लांब लाल नळी म्हणजे खरं फूल, ते काही दिवसांतच गळतं. मागे लाल राहतो तो निदलपुंज, म्हणजे फुलाखालचा पेला. तो तसाच सुकू दिला तर तळाशी जास्तीत जास्त चार बिया मिळतात. तुरा मोडून टाकलात तर बगलेतून नवे तुरे येतात. दोन्ही एकाच वेळी साधत नाही, तेव्हा बियांसाठी दोन-तीन तुरे राखून बाकीचे खुडावेत.

निळा साल्व्हिया, म्हणजे फॅरिनेशिया, टेक्सास आणि मेक्सिकोकडचा. आपल्या उन्हाळ्यात तो लालपेक्षा बराच चिवट ठरतो. भर उन्हाची जागा असेल तर मी तरी त्यालाच पसंती देईन. ‘हॉट लिप्स’ या वाणाबद्दल तर नर्सरीवाल्यांशी भांडणं होतात : लाल-पांढरं म्हणून घेतलं आणि निघालं लालभडक! फसवणूक कुणी केलेली नसते. उष्ण दिवसांत त्याची फुलं पूर्ण लाल येतात, हवा गार झाली की पांढरा रंग परततो.

नशेबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण या भीतीने लोक झाड घरात आणत नाहीत. सॅल्व्हिनोरिन-ए हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य साल्व्हिया डिव्हिनोरममध्ये असतं आणि ती जात मेक्सिकोच्या ओआहाका भागातली आहे. बागेतल्या लाल-निळ्या साल्व्हियाचा त्याच्याशी संबंध नाही. तरी साल्व्हिया आहे म्हणून पान तोंडात टाकू नये. स्वयंपाकातला सेज ही वेगळी जात. रोझमेरीलाही वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये याच प्रजातीत आणलं. चिया म्हणजे सब्जा, हा समजही खोटा. चिया साल्व्हियाचं बी आहे, सब्जा तुळशीच्या एका प्रकारचं. भिजवल्यावर दोन्ही बुळबुळीत होतात, म्हणून गल्लत होते.

आणि तुऱ्यावर येणारा तो चिमुकला पक्षी हमिंगबर्ड नव्हे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. पेनस्टेमॉन ईटोनायसारख्या लाल, अरुंद फुलांवर ते तिकडे येतात. आपल्याकडे येतो तो शिंजीर, बहुतेक वेळा दांडीला पकडून बसणारा.

राहिला प्रश्न पेनस्टेमॉन इथे लावायचा का. परदेशातल्या नातेवाइकांकडून बियांचं पाकीट गुपचूप मागवू नका. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बिया आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, कारण बियांसोबत रोगही येतात. डोंगरी जातींचा आपल्या पावसाळ्यात निभाव लागणं कठीण. इथे बी मिळालंच तर मोठ्या फुलांच्या संकरित वाणाचं घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डॉगफ्लॉवरबरोबर पेरा, कुंडीत एक तृतीयांश जाड वाळू घाला आणि थंडीचं हंगामी फूल म्हणूनच वाढवा. नाहीच मिळालं तर अँजेलोनिया लावा. तीही त्याच कुळातली. आपल्या नर्सरींत मिळते आणि एप्रिलच्या उन्हातही फुलत राहते.