ड्रिलला धार : यंत्र घ्यावे कोणते?

वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत हात बसलेल्या कामगाराने सांडोरला घरीच छोटे वर्कशॉप थाटले, तर बोथट ड्रिल फेकून दरवेळी नवे घेणे त्याला परवडणारे नाही. यंत्र पाहण्याआधी आपले काम पाहावे, असे आम्ही सांगू. ड्रिल मोजकेच असतील तर बेंच ग्राइंडर आणि कोन धरणारे जिग पुरे. त्यावर छिन्नीलाही धार लागते. रोजचा ढीग असेल तरच खास यंत्र घ्यावे. त्यात आपल्या मापाचे ड्रिल बसतात का, नेहमीच्या ११८ अंशांबरोबर कठीण पोलादासाठी १३५ अंशही मिळतात का, हे विचारावे. दोन्ही कडा समान नसतील तर भोक मोठे पडते. म्हणून आपलाच बोथट ड्रिल नेऊन, लोखंडी पट्टीत भोक पाडून पाहावे. चष्म्याचे पैसे मात्र वाचवू नयेत. गेलेला डोळा बाजारात मिळत नाही.