‘ताकदीची गोळी’ : कौटुंबिक समजुती आणि एचआयव्हीसह वाढणारी मुले

या उपघटकात आपण एकच प्रश्न विचारात घेणार आहोत : एचआयव्हीसह जगणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या उपचारावर घरातील समजुतींचा परिणाम कसा होतो?

शासनाने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीविरोधी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक होय. या औषधांमुळे जन्मतः संसर्ग झालेली मुले वयात येऊ लागली. मात्र ही औषधे रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि तेच औषध निष्प्रभ ठरू शकते.

हा नियम पाळायचा असतो तो घरात. घाटकोपर वा मुलुंडच्या चाळीतील एका खोलीचे घर डोळ्यांसमोर आणा. आईवडील हयात नसलेले मूल तेथे आजीकडे किंवा मामाकडे वाढत असते. ‘बाहेर कळले तर मोठीचे लग्न मोडेल’ या धास्तीने बाटलीवरील चिठ्ठी काढली जाते, गोळ्या तांदळाच्या डब्यात लपतात आणि पाहुणे आले की गोळी चुकते. सोबत जेवल्याने संसर्ग होत नाही, तरीही मुलाचे ताट वेगळे ठेवले जाते.

मुलाला मात्र ‘ही ताकदीची गोळी’ एवढेच सांगितलेले असते. खरे कळले तर ते खचेल, ही त्यामागची माया. पण चौदाव्या वर्षी, मैदानावर धावणारा तोच मुलगा विचारतो : ताकद आली, मग गोळी कशाला? मायेने योजलेला शब्दच येथे उपचारात खंड पाडतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये शालेय वयातील मुलांना त्यांची स्थिती वयानुरूप, टप्प्याटप्प्याने सांगावी, असे सुचविले. आपला २०१७ चा एचआयव्ही कायदा तर, बाधित कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या बारा वर्षांवरील समंजस मुलाला धाकट्या भावंडाचे पालकत्वही मान्य करतो.

कुटुंबाला अज्ञानी ठरवून मौन सुटत नाही. त्यामागील भीती आधी ऐकावी लागते. समजूत नेहमीच आड येते असेही नाही. सांजवात लावताना न चुकता गोळी हातावर ठेवणारी आजी श्रद्धेलाच उपचाराची शिस्त बनवते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिसरात आजाराचे नाव टाळण्यासाठी कोणते शब्द वापरले जातात? त्यांमुळे रुग्णाचे रक्षण होते की हानी, ते सोदाहरण लिहा.