चिंचिला घरीं आणण्यापूर्वीं

चिंचिला या नांवाचे प्राणी दोन आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. एक, दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरचा, उंदीरवर्गांतील मूळ चिंचिला. दुसरा, तशाच करड्या मऊ केसांमुळें तें नांव मिळालेला व १९१३ सालीं फ्रान्समध्यें प्रथम प्रदर्शनांत मांडलेला ससा. पहिला थंड, कोरड्या हवेचा. बोळिंजची दमट हवा त्याच्या जिवावर बेतेल. हौसेसाठीं तो आणूं नये. सशाचें येथें निभतें. मात्र घर आधीं आणि ससा मागाहून, हा क्रम चुकतां कामा नये.

ससा थंडी सोसतो, उष्मा सोसत नाहीं. घामानें अंग निवविण्याची सोय त्याला नाहीं. कानांवाटे उष्णता जाते तेवढीच. यास्तव पिंजरा सावलींत, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच व आरपार वारा खेळेल असा बांधावा. वर पत्रा असल्यास त्यावर झावळ्या घालाव्या. देशावर ओलीं गोणपाटें टांगून गारवा आणतात. दमट हवेंत तो उपाय फारसा चालत नाहीं, वाऱ्यावरच भिस्त ठेवावी. तळाशीं जाळी असल्यास बसावयास फळी द्यावी, नाहींतर पायांस जखमा होतात.

पावसाळ्यांत गवत सुकवूनच घालावें व लेंड्या रोज काढाव्या. ओल्या घाणींत कॉक्सिडिओसिस फैलावून पिलें दगावतात. दांत जन्मभर वाढत असल्यानें कुरतडावयास लाकूड असावें.

रिकाम्या पिंजऱ्यांत तापमापक टांगून भर दुपारीं पारा पाहावा. बाहेरच्या सावलीपेक्षां आंत अधिक तापत असेल, तर प्रथम जागा बदलावी. मार्गशीर्षांत आणलेला ससा उन्हाळ्यापूर्वीं हवेस सरावतो. वैशाखांत आणलेल्यास ती सवड मिळत नाहीं.